निळा रंग उतरलेली प्लेट

भुताखेतांच्या गप्पा मारणाऱ्यांना मी तोंडावर हसणारी बाई. मायक्रोबायॉलॉजी शिकलेली, जिवाणू वाढवायच्या काचेच्या प्लेटमध्ये दिसेल तेवढंच खरं मानणारी. आणि नेमकं प्लेटमध्येच ते दिसलं... म्हणून लिहायलेय.

विद्यापीठाच्या नामांतराच्या आधीची वर्षं. परभणीच्या एका कॉलेजातली लॅब. मानवतचा मिलिंद माझ्यासोबत रिसर्चला होता. वडील हार्ट अटॅकनं गेले, म्हणून त्यानं जिद्दीनं एक जिवाणू घडवला – त्यात कोलेस्टेरॉल बनवणारं माणसाचं एन्झाइम बसवलेलं. औषधानं ते एन्झाइम अडवलं, की प्लेटमधले ठिपके निळे व्हायचे. औषध कुचकामी असलं तर पांढरेच. आमच्यात रीत अशी, की ज्यानं जिवाणू घडवला त्याचं अक्षर प्लेटच्या बुडाशी लिहायचं. याचं 'मि'.

काविळीनं मिलिंद गेला. महिनाही उलटला नव्हता, तर आमच्या गाईड सरांनी 'मि' काढून स्वतःचं अक्षर लावलं. आणि तेव्हापासून प्लेट्स पांढऱ्याच यायला लागल्या! औषध तेच, जिवाणू तेच. सर माझ्यावर खेकसायचे.

मुंबईहून औषध कंपनीचे पाहुणे यायचे होते, त्याच सकाळी मिलिंदची आई लॅबच्या दारात उभी.

"माझ्या लेकराचं नाव कुठं हाय, तेवढं दाखवा सायेब. मंग जाते मी."

सर हसले. "तुम्हा लोकांना आता बॅक्टेरियाचं पण नामांतर पाहिजे का?"

माझं डोकंच फिरलं. समोरची एक पांढरी प्लेट उचलली, बुडाशी ठसठशीत 'मि' लिहिलं आणि मावशींच्या हातात दिली. "हे बघा मावशी, हे त्याचं."

मावशी काचेवरून हात फिरवायल्या, लेकराच्या तोंडावरून फिरवावा तसा... आणि आतले ठिपके निळे झाले. आम्हा तिघांच्या डोळ्यांदेखत.

सरांनी प्लेट हिसकावली. तेवढ्यात पाहुण्यांची गाडी आलीच. स्पिरिटच्या बोळ्यानं सरांनी 'मि' पुसलं, स्वतःचं अक्षर लिहिलं आणि ऐटीत प्लेट पाहुण्यांसमोर धरली.

पांढरीफटक!

अहो, एकदा चढलेला तो रंग उतरत नसतो. फ्रीजमध्ये महिनोन्‌महिने ठेवलेल्या प्लेट्स मी पाहिल्यात. पाहुणे एकमेकांकडं बघायले. सर पटकन म्हणाले, "कन्टॅमिनेशन. त्या बाईनं हात लावला ना!"

मावशींनी ते ऐकलं. पदर सावरत मला एवढंच म्हणाल्या, "चल बाई, मला मानवतच्या गाडीत बसवून दे."

पुढं सरांनी तो जिवाणू नष्ट करायला लावला. त्यांचं काहीच बिघडलं नाही – प्रमोशन मिळालं, निरोप समारंभात शाल-श्रीफळसुद्धा. जळो ते श्रीफळ! मावशी मात्र पोराचं नाव एकदाच बघून गेल्या, तेही डोळ्यांदेखत पुसलं गेलं.

हे सांगितलं की लोक लय उत्सुकतेनं विचारतात, रंग कसा काय गेला? मला आजही माहीत नाही. नाव का पुसलं, ते माहितीय. ते कुणीच विचारत नाही.