यादीतलं नाव

विमान टोरोंटोला उतरलं तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि खिडकीतून दिसणारी जमीन राखाडी होती. बर्फ असाही असतो हे मला माहीत नव्हतं. रस्त्याकडेला ढिगांनी पडलेला, मीठ आणि माती मिसळून काळवंडलेला. पासपोर्ट पाहणाऱ्या अधिकारीबाईंनी येण्याचं कारण विचारलं. विमानात घोकून ठेवलेलं वाक्य मी म्हटलं, "भाचीला भेटायला आणि निवडणूक बघायला."

त्यांनी मान वर केली. "निवडणूक? या थंडीत?" आणि हसून पासपोर्ट परत दिला.

मी जिंतूरला कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. कॅनडाची संघराज्य पद्धत बावीस वर्षं फळ्यावर लिहिली. ती कधी डोळ्यांनी बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं. थोरल्या बहिणीची मुलगी मयूरी तिथे शिकायला गेली, नोकरीला लागली आणि तिने तिकीट पाठवलं. "मावशी, या थंडीतच ये. इथे प्रांताची निवडणूक लागणार आहे. तुला आवडेल," ती म्हणाली होती.

टोरोंटोपासून बसने दीड तासावर तिचं गाव. वाटेत मक्याची रिकामी शेतं, त्यांत बर्फातून वर आलेली कापलेली धाटं, आणि मैलोन्‌मैल पत्र्याच्या प्रचंड शेड. "ही वेअरहाऊस (गोदामं)," मयूरीने सांगितलं. "त्यातल्या एकात मी. सुपरवायझर झालेय, पण काम तेच, उभ्याने." तिने कॅनडात दोन वर्षांचा अभ्यासक्रम केला होता. वर्क परमिट दिवाळीच्या सुमारास संपणार होतं. त्याआधी पीआरसाठी (कायम राहण्याच्या परवान्यासाठी) अर्ज करायचा, एवढं एकच गणित तिच्या डोक्यात चालू असायचं.

ती राहायची बेसमेंटमध्ये, म्हणजे दुसऱ्याच्या घराच्या तळघरात. खिडकी छताला लागून, आणि तीही अर्धी बर्फाने बुजलेली. सोबत नागपूरची श्वेता. माझ्या बॅगेतलं काळं तिखट आणि ज्वारीचं पीठ पाहून श्वेता म्हणाली, "मावशी, तुम्ही आता परत जाऊच नका. हिची पीआर होवो न होवो, तुमची आम्ही करून टाकतो." आम्ही तिघी पोट धरून हसलो. त्या घरात असं मोकळं हसणं पुढे फार झालं नाही.

दुसऱ्या आठवड्यात शनिवारी नॉमिनेशन मीटिंग होती (पक्षाचे सभासद मत देऊन आपला उमेदवार ठरवतात ती सभा). आपल्याकडे तिकीट वरून येतं. इथे ते गावातल्या सभागृहात मतपेटीतून निघतं, हे मला वर्गात सांगताना नेहमी भरून यायचं. आणि सभासद व्हायला नागरिकत्व लागत नव्हतं. त्या पक्षाच्या नियमाप्रमाणे त्या रायडिंगमध्ये (मतदारसंघात) राहणारं कोणीही चालत होतं. मयूरी आणि श्वेता दोघी सभासद झाल्या होत्या. फॉर्म त्यांच्या गोदामात कामगार पुरवणाऱ्या एका पंजाबी अंकलनी भरून घेतले होते.

सभागृह लग्नाच्या हॉलसारखं होतं. बाहेर माणसं भरून आणलेल्या तीन पिवळ्या बस. आत समोसे, डोनट, कॉफी आणि ओल्या बुटांचा वास. ओळखपत्र तपासून मतपत्रिका मिळत होती. मला मत नव्हतं, म्हणून भिंतीकडेच्या खुर्चीवर बसवलं. शेजारी एक वृद्ध गोऱ्या बाई होत्या. मी शिक्षिका आहे म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मीही होते. पूर्वी या सभेला आम्ही वीसेक जण असायचो. मी घरून सफरचंदाचा पाय (गोड पदार्थ) भाजून आणायची."

"आता केवढे लोक येतात!" मी आनंदाने म्हटलं.

त्यांनी रांगेकडे पाहिलं. "तुमच्या भाचीला उमेदवार माहीत आहे का?"

परतीच्या बसमध्ये बसल्यावर मी मयूरीला तेच विचारलं. ती बसच्या काचेवर बोटाने रेघा ओढत होती. "अंकल म्हणाले त्या नावापुढे पहिली पसंती लिहिली. मावशी, शिफ्ट तेच देतात."

"काऊन लेक्चर द्यायला लावतेस मावशीला," श्वेता पुढच्या सीटवरून म्हणाली. "नाव तर बघ काय मस्त, पक्षाची सभासद!"

बस अजून सुटली नव्हती. माझ्या शेजारी बसलेल्या बाईंची उमेदवार हरली होती. हॉलमधून ढोल ऐकू येत होता. पार्किंगमध्ये त्या म्हाताऱ्या बाई एकट्याच गाडीवरचा बर्फ खरवडत होत्या.

त्यानंतर दोन आठवडे मी एकटीच फिरले. गोठलेल्या तळ्यापर्यंत चालत गेले. पाणी दिसत नव्हतं, आभाळ आणि तळं यांच्यामधली रेघसुद्धा दिसत नव्हती. घसरून एकदा पडले. एका पोस्टमन बाईंनी हाताला धरून उठवलं आणि "पेंग्विनसारखं चाला" असं चालून दाखवलं. दारोदार उमेदवारांच्या पाट्या बर्फात खोचलेल्या. ना भोंगा, ना सभा. निवडणूक आहे की कुणाचं सुतक, कळू नये अशी शांतता.

एक दिवस पोस्टातून मयूरीच्या नावाचं मतदार कार्ड आलं. त्यावर केंद्र, वेळ, दिवस, सगळं छापलेलं.

"मावशी, हे बघ ना. मी तर सिटिझन नाही. मग?"

श्वेताने कार्ड उलटसुलट केलं. "मला नाही आलं बा. आपलं दोघींचं स्टेटस तर सेमच आहे."

आमच्या घरी कोणताही कागद आला की माझ्याकडे यायचा. सातबारा असो, दवाखान्याचा रिपोर्ट असो, बँकेची नोटीस असो. मी चष्मा लावला. कार्डावर पात्रतेच्या ओळी होत्या आणि त्यात नागरिक हा शब्दही होता. तो मी वाचला. पण बावीस वर्षांत अनेकदा मी मतदान केंद्राध्यक्षाची ड्युटी केली आहे आणि प्रत्येक प्रशिक्षणात एक गोष्ट आमच्या डोक्यात घातली गेली आहे: यादीत नाव आहे, ओळख पटली, म्हणजे तो मतदार. नागरिक आहे की नाही हे तपासणं केंद्रावरच्या माणसाचं काम नाही. ते यादी करणाऱ्यांनी आधीच तपासलेलं असतं. मी तेच बोलले.

"नाव यादीत आहे ना? मग कार्यालयाने बघूनच घातलं असणार. पक्षाच्या मतदानात तू दिलंसच की मत. ही त्याचीच पुढची फेरी. श्वेताचं नाव नोंदवायचं राहिलं असेल."

"नक्की?"

"अगं, मी आयुष्यभर हेच केलंय. आणि मतदान न करणं बरं नव्हे."

यादीत नाव कसं गेलं ते आम्हाला नंतर कळलं. बाजारातल्या एका माणसाकडून मयूरीने आयकराचा फॉर्म भरून घेतला होता; त्याने घाईत नागरिक असल्याच्या चौकोनात खूण केली होती, आणि तिथे त्या फॉर्मवरूनच नावं मतदार यादीत जातात. तो चौकोन तिने वाचला नव्हता. कार्ड मी वाचलं होतं.

मतदान एका शाळेच्या व्यायामशाळेत होतं. दारात पोलीस नाही, बोटाला शाई नाही. मला आत येऊ दिलं, पण दोरीच्या अलीकडे. मयूरीची अडचण एकच निघाली: कार्डावर घराचा नंबर होता, बेसमेंटचा नव्हता. टेबलावरच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी पत्ता दुरुस्तीचा फॉर्म पुढे केला. खाली प्रतिज्ञापत्राच्या चार ओळी आणि सहीची जागा. मयूरीने पेन हातात घेऊन मागे वळून माझ्याकडे पाहिलं.

मागे रांग होती. लोकांच्या बुटांखाली पाण्याची थारोळी साचली होती. "कर सही," मी मराठीत म्हटलं. "लोक खोळंबलेत."

तिने सही केली. बाहेर आल्यावर मी तिचा फोटो काढला आणि ताईला पाठवला. "तुमची लेक कॅनडाची मतदार," असं खाली लिहिलं.

तीन आठवड्यांनी आम्ही पीआरच्या अर्जासाठी वकीलबाईंकडे गेलो. त्या गुजराती होत्या, हिंदीत बोलायच्या. किराणा दुकानाच्या वरच्या मजल्यावर लहानसं ऑफिस. एकेक रकाना विचारत त्या टाइप करत होत्या. कोणत्या संस्थेचे, पक्षाचे सभासद आहात का, असा एक प्रश्न आला. मयूरीने पक्षाचं नाव सांगितलं.

"ठीक है, वो चलता है. सिर्फ नॉमिनेशन में वोट किया ना?"

"दोनों में किया."

"दोनों में मतलब?"

मयूरीने सांगितलं. वकीलबाईंनी कीबोर्डवरून हात काढून मांडीवर ठेवले. मग त्यांनी तिला सगळं क्रमाने विचारलं: कार्ड, शाळा, फॉर्म, सही. "बेटा, उस फॉर्म में लिखा था कि मैं सिटिझन हूँ. तुमने साइन किया."

"मुझे लगा पते का फॉर्म है."

"लगा, ये कोई नहीं पूछेगा."

त्यांनी शांतपणे समजावलं. नागरिक नसताना मत देणं गुन्हा. नागरिक असल्याचं लिहून देणं त्याहून वाईट, कारण पीआर देणारे पहिल्यांदा हेच बघतात, अर्जदार खरं बोलतो की नाही. आपण होऊन निवडणूक कार्यालयाला कळवावं, चौकशी होऊ द्यावी, तोवर अर्ज थांबवावा. दिवाळीपर्यंत निकाल लागेल का, हे त्या सांगू शकत नव्हत्या.

"और अगर हम कुछ न बतायें?" मयूरीने विचारलं.

"तो दूसरा वकील ढूँढना. मैंने सुन लिया है."

जिन्यात मयूरी रेलिंगला धरून उभी राहिली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा ती म्हणाली, "मावशी, आत्ता नको." पहिल्यांदाच तिने माझा हात बाजूला केला.

निवडणूक कार्यालयाला पाठवायचं पत्र तिने दोन दिवसांत लिहिलं. सुट्टीच्या सकाळी लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. "स्पेलिंग बघशील?"

इंग्रजी सरळ होतं. मी मत दिलं, मला हक्क नव्हता, माझा गैरसमज झाला, मी माफी मागते. मी दोनदा वाचलं. माझा उल्लेख कुठे नव्हता.

"मी सांगितलं म्हणून तू गेलीस. ते लिही."

"कशाला? तुझा व्हिसा आहे. पुढे यायचं असेल तर?"

"मला नाही यायचं पुढे."

"मावशी, मी सत्तावीस वर्षांची आहे." तिचा आवाज चढला. "मावशीने सांगितलं म्हणून केलं असं लिहू? हसतील मला. स्पेलिंग सांग फक्त."

श्वेता चुलीपाशी (म्हणजे विजेच्या शेगडीपाशी) पोहे परतत होती. ती आमच्याकडे पाठ करून उभी राहिली.  एका शब्दात एक अक्षर चुकलं होतं, ते मी दाखवलं. मयूरीने ते दुरुस्त केलं आणि पत्र पाठवलं.

निघायच्या आधी उत्तर आलं. पत्र मिळालं, चौकशी होईल, गरज पडल्यास बोलावू, असं दोन ओळींचं. मयूरीने तो ईमेल दिवसातून चार-पाच वेळा उघडलेला मी पाहिला, जणू वाचल्याने त्यात तिसरी ओळ येणार होती. अंकलनी आपलं नाव कुठे येऊ नये म्हणून तिला निरोप दिला आणि पुढच्या आठवड्यात तिच्या शिफ्ट कमी झाल्या. श्वेताने आपलं सभासदत्वाचं कार्ड कात्रीने कापून टाकलं. काही उपयोग नव्हता, पण कापलं.

विमानतळावर मयूरीने मला वाकून नमस्कार केला. मी पाय मागे घेतले. "असं करू नको मावशी," ती म्हणाली, "लोक बघतात." बर्फ वितळायला लागला होता, त्याखालचं गवत कुजक्या पेंढ्यासारखं दिसत होतं. विमान उडेपर्यंत मी खिडकीकडे पाहिलं नाही.

या प्रवासात मी पुष्कळ पाहिलं. पक्षाचा उमेदवार मतांनी निवडला जाताना पाहिला आणि ती मतं कशी गोळा होतात तेही पाहिलं. कागदाची मतपत्रिका पाहिली, अनोळखी माणसांची माया पाहिली. कॉलेजात माझं व्याख्यान ठेवायचं म्हणतात. मी अजून होकार दिलेला नाही. त्या देशाच्या नियमांना मी दोष देत नाही. ते छापलेले होते, आणि मला वाचता येतं.

ताईला मी फोनवर काही सांगितलं नव्हतं. परभणीहून थेट तिच्या घरी गेले. ती अंगणात शेवग्याच्या शेंगा मोडत बसली होती. मी सगळं सांगितलं, कार्डापासून पत्रापर्यंत, काही न गाळता. ती शेंगा मोडतच राहिली. फक्त मधे एकदा "मंग?" म्हणाली.

माझं संपल्यावर तिने विचारलं, "मंग आता शिक्षा कुणाला व्हती गं? सांगणाराला का करणाराला?"

"करणाऱ्याला, ताई. सही तिची आहे."

"आन्‌ सांगणाराला?"

"काही नाही."

ताईने मोडलेल्या शेंगा ताटात गोळा केल्या. "हं," म्हणाली, आणि ताट घेऊन आत गेली.