रक्ताचा थेंब न सांडता

१९९९ साली मी पाटण तालुक्यातल्या एका कॉलेजात तासांवर राज्यशास्त्र शिकवत होतो. माझं घर सांगलीत, वडील शिंपी. घरात पुस्तकावर पोट भरणारा मी पहिलाच. निघताना अम्मीनं बजावलं होतं, "परक्या गावात राहायचंय, कुणाच्या अध्यात ना मध्यात पडू नकोस. आपण तर आणखीच परके."

तिसऱ्या वर्षाला ब्रिटनची राज्यघटना हा विषय होता. लायब्ररीतलं पुस्तक जुनं होतं. तिकडे स्कॉटलंडला स्वतःची संसद मिळाली होती, वेल्सला काठावरच्या कौलानं का होईना सभा मिळाली होती, वारसाहक्कानं बसणाऱ्या लॉर्डांना सभागृहातून काढायचा कायदा येऊ घातला होता, आणि आमच्या पुस्तकात यातलं अक्षर नव्हतं. मी कराडहून येणाऱ्या इंग्रजी पेपरातून कात्रणं काढायचो. जुलैमध्ये मी वर्गाला सांगितलं, "लिहून घ्या. रक्ताचा थेंब न सांडता घटना बदलणं हे ब्रिटिशांचं वैशिष्ट्य." हे वाक्य माझ्या सरांच्या नोट्समधलं. मी ते कधी तपासलं नव्हतं.

तेवढ्यात बाकं थरथरली. कोयनेच्या भूकंपाचा नेहमीचा धक्का. कुणी मान वर केली नाही. शेवटच्या बाकावरच्या बाईंनी मात्र हात वर केला.

त्या तिशीच्या होत्या. दोन मुलं झाल्यावर पुन्हा शिकायला आलेल्या. खोऱ्यातल्या एका गावच्या, बौद्धवाड्यातल्या. सरपंचपद त्यांच्या समाजाच्या महिलेला राखीव झालं, आणि त्या सरपंच झाल्या. वर्गातली पोरं त्यांना ताई म्हणायची.

"सर, ज्येंच्या हातात आधी सत्ता हुती, त्येंनी काय केलं? गप बसले?"

"लोकांनी मत दिलं, कायदा झाला. त्यांनी मान्य केलं."

"आसं कुठं आसतंय व्हय!"

वर्ग हसला. मीही हसलो.

तास संपल्यावर त्यांनी मला व्हरांड्यात गाठलं. सरपंच होऊन दोन वर्षं झाली, पण ऑफिसातल्या खुर्चीवर त्या एकदाही बसल्या नव्हत्या. खुर्चीवर उपसरपंच बसायचा. बाईंना दाराजवळ सतरंजी. शिक्का त्याच्या खिशात. पंधरा ऑगस्टला झेंडाही तोच लावायचा आणि बाईंना म्हणायचा, तुमी पोरांना खाऊ वाटा.

"औंदा दोरी मी वडणार हाय," त्या म्हणाल्या. "तुमी या, सर. शिकलेलं माणूस संगं आसलं की जरा वचक ऱ्हातो."

मी हो म्हणालो. नाही म्हणायला जीभ रेटली नाही, एवढंच.

पंधरा ऑगस्टला सकाळी पोचलो तेव्हा पाऊस भुरभुरत होता. ग्रामपंचायतीसमोर शाळेच्या रांगा उभ्या होत्या. बाईंनी पांढरी साडी नेसली होती. शेजारी त्यांचे मिस्टर, धरणाच्या वसाहतीत वायरमन. बाई खांबाकडे निघाल्या तसा उपसरपंच पुढं आला. साठीचा, उंच, स्वच्छ धोतरातला माणूस. तो मोठ्यानं बोललासुद्धा नाही.

"मागं हो."

"कायद्यानं मान माझा हाय, आबा."

"कायदा तालुक्याला. हितं गाव हाय."

बाईंनी दोरीला हात घातला. त्यानंही घातला. दोघं दोरी ओढत होते आणि झेंडा गाठीतच लोंबकळत होता. मग त्याचे दोन पुतणे गर्दीतून आले. चांगले बाप्ये, मिशीवाले. एकाच्या हातात खोऱ्याचा दांडा होता. त्यानं तो बाईंच्या हातावर मारला. ओलं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. बाईंनी दोरी सोडली नाही. दुसरा घाव त्याच हातावर बसला, तिसरा खांद्यावर. तेव्हा त्या खाली बसल्या. पुतण्यानं केसाला धरून त्यांना चिखलातून फरफटत नेलं. त्यांचे मिस्टर धावले तर दुसऱ्यानं दगड घालून त्यांचं कपाळ फोडलं. शाळेच्या रांगा मोडल्या. पोरं किंचाळत पळाली. पांढऱ्या साडीवर आधी चिखल दिसला, मग रक्त.

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. दांडेवाला वळला आणि त्यानं माझ्या तोंडावर दांडा मारला. तोंडात खडे भरल्यासारखं वाटलं. ते माझेच दोन दात होते. आणि मी पळालो. शेजारच्या भाताच्या खाचरात उतरलो, गुडघाभर चिखलात पडलो आणि बांधाआड आडवा राहिलो. तिथून आवाज येत होते: दांड्याचे, शिव्यांचे, आणि बाईंचा एकच शब्द, "मारा. मारा की." उठायला हवं होतं. मी उठलो नाही.

बौद्धवाड्यातले लोक धावून आल्यावर मार थांबला. तोवर उपसरपंचानं झेंडा लावून सलामी दिली होती.

चौकीवर हवालदारानं माझा जबाब घेतला. तोंडाला बोळा लावलेला होता.

"मारणारा ओळखला का?"

उपसरपंच बाहेर बाकड्यावर बसला होता. उघड्या दारातून तो नुसता माझ्याकडे बघत होता. अम्मीचे शब्द कानात होते.

"पाऊस होता," मी म्हणालो. "चेहरा दिसला नाही."

सप्टेंबर सरत आला तेव्हा बाई कॉलेजात आल्या. उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी. मी लॉर्डांविषयी बोलत होतो: बहुतेक वंशपरंपरागत सरदार जाणार, पण तडजोड म्हणून ब्याण्णव जणांना ठेवणार. बाई म्हणाल्या, "म्हंजी उपसरपंच ठिवलेच की." या वेळी कुणी हसलं नाही.

तास संपला. पोरं गेली. त्या बाकावरून उठल्या नाहीत.

"सर, तुमचा जबाब वाचला मी. पाऊस हुता म्हणं."

"बाई, मी इथला नाही. तुम्हाला ठाऊक आहे, आमच्यासारख्यांना..."

"आन् मी कुठली हाय? माझ्या आज्ज्यानं त्या गावात मेलेली ढोरं वडली." त्यांचा आवाज चढला नाही. "तुमी पळाला त्येचा राग न्हाई. माणूस भितंय. पर तुमी बघितलं हुतं. दांडा तुमच्या तोंडावरच बसला न्हवं का?"

मी जिभेनं हिरडीतली रिकामी जागा चाचपत राहिलो.

पुढच्या तासाला मी जे प्रकरण दर वर्षी परीक्षेला येत नाही म्हणून सोडून द्यायचो, ते शिकवलं: उत्तर आयर्लंड. तीस वर्षं एकाच गल्लीतले कॅथलिक आणि प्रोटेस्टंट एकमेकांना बाँबनं, गोळीनं मारत होते. हजारो मेले. आदल्या वर्षी करार झाला, आणि तोही लगेच शांतता घेऊन आला नाही. करारानंतरच्या ऑगस्टमध्येच भर बाजारात मोटार उडवून माणसं मारली होती. मी म्हणालो, "मागं मी तुम्हाला एक वाक्य लिहून दिलं होतं. ते खोडा. ते खोटं आहे."

पोरांनी खोडलं. एकानं विचारलं, "परीक्षेत आलं तर काय लिहायचं?" मी म्हणालो, "खरं लिहा. मार्क गेले तर जाऊ देत."

त्याच आठवड्यात मी चौकीवर जाऊन पुरवणी जबाब दिला. मारणाऱ्या पुतण्याचं नाव सांगितलं, दांडा सांगितला, खाचरात लपलो तेही सांगितलं. चौथ्या दिवशी, दुपारी, एसटी स्टँडवर तिघांनी मला घेरलं. लोकांसमोर रसवंतीच्या मागं ओढलं आणि लाथांनी तुडवलं. एक बरगडी तुटली. "सांगलीला जा, कपडं शिव," असं एक जण प्रत्येक लाथेला म्हणत होता. मी या वेळी पळालो नाही, पण त्यात शौर्य नव्हतं. पळायला जागाच नव्हती.

दिवाळीनंतर बाईंवर अविश्वासाचा ठराव आला. त्या बैठकीची हकिगत बाईंनीच मला सांगितली. सदस्य उपसरपंचानं एका घरात दोन दिवस ठेवून आणले होते. मतं मोजून घेतली होती. त्यात त्याच्याच भावकीतली एक म्हातारी सदस्य होती, महिला राखीव जागेवर आणून बसवलेली. दाखवाल तिथं अंगठा उठवायची. ठरावाला हात वर करायची वेळ आली, त्यानं आणलेल्या बाकी सगळ्यांनी केले, म्हातारीचा हात मांडीवरच.

"आवं काकी, हात वर करा की," उपसरपंच म्हणाला.

"माझा हात दुखतोय."

"दुसरा करा."

"त्योबी दुखतोय. बाईमाणसाचा हात मोडल्याला बघितल्यापास्नं दोन्ही दुखत्यात."

ठरावाला लागणाऱ्या मतांत एक कमी पडलं. ठराव पडला. म्हातारीला त्या संध्याकाळी लेकानं मारलं. तोंड सुजलेलं घेऊन ती दुसऱ्या दिवशी बाईंच्या घरी, बौद्धवाड्यात, चहाला गेली. या जन्मात पहिल्यांदा.

डिसेंबरात उत्तर आयर्लंडात, बेलफास्टला, काल-परवापर्यंतचे वैरी एका मंत्रिमंडळात बसले. मी बातमी वाचून दाखवली. बाईंनी विचारलं, "मारणाऱ्याच्या शेजारी खुर्ची टाकून?"

"हो."

"मग आमीबी टाकतो." आणि सोमवारी त्यांनी घरची लोखंडी घडीची खुर्ची ऑफिसात नेली. उपसरपंच उठला नाही, पण त्यानं ती खुर्ची बाहेरही फेकली नाही. दोघं एका टेबलाला बसू लागले. बोलत नव्हते. शिक्का मात्र टेबलावर आला.

फेब्रुवारीत बेलफास्टचं ते सरकार स्थगित झालं. मी बाईंना सांगितलं नाही. त्यांनीच पेपरात वाचलं आणि म्हणाल्या, "पुन्यांदा बसतील. न बसून जात्यात कुठं?"

मार्चनंतर कॉलेजनं मला पुढच्या वर्षाचे तास दिले नाहीत. कारण विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. मी सांगलीला परतलो. खटला काही वर्षं चालला. मी तीनदा साक्षीला गेलो. शेवटी पुतणे संशयाचा फायदा मिळून सुटले. निकालाच्या दिवशी बाई कोर्टाच्या पायऱ्यांवर उभ्या होत्या, उजवा हात कोपरात वाकडाच राहिलेला. मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "चला सर, जेवून घिऊ. पोटात कावळं वरडत्यात." आम्ही समोरच्या खाणावळीत गेलो. पुतणेही तिथंच दोन टेबलं सोडून जेवत होते. बाईंनी त्यांच्याकडे एकदा बघितलं, आणि भाकरी मोडायला घेतली.