तेविसाव्या वर्षी फुटलेला आवाज

डॉक्टरांनी कॉफी पावडरची डबी माझ्या नाकाशी धरली आणि मला डोळे मिटायला सांगितलं.

"कशाचा वास येतोय?"

"कशाचाच नाही. मला लहानपणापासून वास येत नाही."

त्यांनी माझ्या रक्ताचा रिपोर्ट पुन्हा पाहिला. "हा कॅलमन सिंड्रोम दिसतो. जन्मजात आहे, आणि त्यावर उपचार आहेत."

तेव्हा मी म्हैसूरच्या एका कॉलेजात कॉमर्स शिकवत होतो. ओठांवर लव नव्हती, आवाज कोवळा. फोनवर लोक मला 'मॅडम' म्हणत. आधीच्या डॉक्टरांनी 'काही मुलं उशिरा वाढतात' म्हणून थांबायला सांगितलं होतं, आणि घरचे थांबले. लहानपणी एक अंडकोष खाली उतरला नव्हता म्हणून ऑपरेशन झालं होतं. तेही सगळे विसरून गेले होते.

आई शेजारीच बसली होती. डॉक्टरांनी तिला समजावलं. वयात येताना मेंदूतला हायपोथॅलॅमस जीएनआरएच हे संप्रेरक, म्हणजे हार्मोन, सोडतो. त्यानं पिट्युटरी ग्रंथी जागी होते आणि एलएच, एफएसएच पाठवते. मग अंडकोष टेस्टोस्टेरॉन आणि शुक्राणू तयार करतात. जीएनआरएचच्या पेशी गर्भातच वासाच्या मज्जातंतूंबरोबर नाकाकडून मेंदूत जातात. माझ्या त्या पोचल्याच नव्हत्या.

"अय्यो, माझंच काही चुकलं काय, डॉक्टर?"

"नाही अम्मा. कुणाचंच नाही."

एमआरआय झाला. पिट्युटरी ठीक होती. एलएचचं काम करणारी एचसीजीची इंजेक्शनं सुरू झाली. पोटावर सुई टोचायला मी नर्सकडून शिकलो. काही दिवसांत सवय झाली.

काही महिन्यांनी वर्गात हिशेबातला घसारा, म्हणजे डेप्रिसिएशन, शिकवताना माझा आवाज मध्येच फाटला. वर्ग हसला, पण सगळ्यात जास्त मी हसलो. पहिल्या दाढीला वडील आरशापाशी उभे राहिले. "वरून खाली. निधान, निधान!" एवढंच बोलले. निधान म्हणजे आमच्याकडे सावकाश.

मग सरगूरच्या वसुधाचं स्थळ आलं. ती शाळेत शिकवायची. आई म्हणाली, "आत्ताच सांगू नको बा." मी पहिल्या भेटीतच सांगितलं: आजार, इंजेक्शनं, मूल होईल की नाही याची खात्री नाही.

वसुधानं एकच विचारलं. "वास कधीच येणार नाही?"

"नाही."

"मग दूध करपलं तर मी बघेन. बाकीचं डॉक्टरांना विचारू. पुढच्या वेळी मीही येते."

आणि ती खरंच आली.

लग्नानंतर एफएसएचची इंजेक्शनं जोडली. वीर्यतपासणीत शुक्राणू शून्य. पुढच्या वेळीही शून्य. तरी इंजेक्शन चुकवलं नाही. अखेर एका सकाळी डॉक्टर रिपोर्ट वाचून म्हणाले, "थोडे आहेत, पण आहेत."

आम्हाला मुलगी झाली.

माझे उपचार आयुष्यभर चालतील. चष्मा लावणाऱ्याला चष्म्याचं जेवढं वाटतं, तेवढंच मला त्यांचं वाटतं. ज्यांच्या घरी अशी काळजी असेल त्यांनी हार्मोनच्या डॉक्टरांकडे, म्हणजे एंडोक्रिनॉलॉजिस्टकडे, जावं. लाजू नये.

बारशाला मावशी म्हणाली, "उशिरा का होईना, देवानं ऐकलं."

"देवानं ऐकलं, आणि डॉक्टरांनीही," आई म्हणाली. मग भरल्या घरात तिनं माझ्या आजाराचं नाव मोठ्यानं सांगितलं. "पोरगं पंधराचं होऊनही वयात येत नसेल, तर दाखवून घ्या. वाट बघत बसू नका. मी बसले होते."