लाईट देता का, नाना?

शेजारी विरजण मागावं तशी आमच्या मजल्यावर लोक लाईट मागत, आणि नानांनी ती कोणाला कधी नाकारली नाही. डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या बाजूला आमची जुनी भाड्याची बिल्डिंग. मजल्यावर चार बिऱ्हाडं. मीटर प्रत्येकाचा वेगळा, पण खालून येणारी केबल एकच, तीही नुसत्या पंखे-ट्यूबलाईटच्या काळातली. एका घरात इस्त्री लागली की बाकीच्यांचे पंखे मरगळत, दोन घरांत लागली की मजलाभर अंधार. म्हणून इस्त्री किंवा मिक्सर लावण्याआधी शेजारच्या दारात जाऊन विचारायचं, "जरा लाईट देता का?" म्हणजे तुमचं काय चालू असेल ते तेवढा वेळ बंद ठेवा.

नाना छापखान्यातून रिटायर झालेले, मूळचे देवरुखकडचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी संध्या लग्न होऊन ठाण्याला, कोलशेतला. एकटा माणूस, त्यामुळे लाईट मागायची ती नानांकडे, असा रिवाजच पडला होता. टीव्हीने कितीसा फरक पडणार? पण मॅच रंगात आलेली असली तरी ते तोही बंद करत. "ने गो, वाटून घे चटणी. फक्त वाटीभर इकडे आण," म्हणत. चटणी अळणी झाली असेल तर तेही सांगत, तिथे भीडभाड नसे.

मालकांकडे वायरिंगचा विषय काढला की उत्तर ठरलेलं, "बिल्डिंग पाडायचीच आहे, आता कशाला?" मी शाळेत असल्यापासून ती पाडायचीच आहे. नाना म्हणत, "ही पडायच्या आधी मी पडेन." आम्ही हसायचो.

मग नानांची फुप्फुसं थकली. डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलं, दिवसभर नाकात नळी. मजल्यावर कुठे इस्त्री लागली की व्होल्टेज पडे आणि मशीन बंद पडून टूंटूं करी. इन्व्हर्टरवर ते फार वेळ टिकत नसे. संध्या मालकांकडे जाऊन भांडली, रडली, स्वतःच्या खर्चाने नवी केबल टाकते म्हणाली. मालकांचा नन्नाचा पाढा काही सुटला नाही.

समोरच्या खोलीत प्राची नुकतीच लग्न होऊन आली होती. लाईट मागायची रीत तिला कळली होती, नानांचं मशीन कशासाठी आहे ते नीटसं कळलं नव्हतं. एका सकाळी ती त्यांच्या दारात उभी राहिली. "नाना, इंटरव्ह्यूला जायचंय, साडीला इस्त्री करायचीये. लाईट देता का?"

"ने की," नाना म्हणाले आणि त्यांनी मशीन बंद केलं. इस्त्री होईपर्यंत खुर्चीचा हात घट्ट धरून बसून राहिले. झालं म्हणून सांगायला प्राची आली तेव्हा त्यांचे ओठ निळे पडले होते. तिने घाईघाईने मशीन लावलं, नळी नाकात बसवली आणि तिथेच जमिनीवर बसून रडू लागली. तिचा इंटरव्ह्यू राहिलाच.

त्या दिवसापासून मजल्यावर ठरलं, नानांकडे लाईट मागायची नाही. कपडे इस्त्रीवाल्याकडे गेले, चटणी खलबत्त्यात कुटली जाऊ लागली. आम्हाला वाटलं, केवढा आपला समजूतदारपणा. नानांना मात्र ते फार लागलं. "माझ्या दारात हल्ली कोणी येत नाही. मेलो की काय मी?" ते मला म्हणाले. मग आई मुद्दाम त्यांच्याकडे कढीपत्ता, आल्याचा तुकडा मागायला जायची. नाना द्यायचे. पण एकदा म्हणाले, "तुझ्या आईच्या पिशवीत कढीपत्ता होता गो, मी बघितला. मला म्हातारा समजा, खुळा नको." दुसऱ्या दिवशी मात्र भाजीवाल्याकडून ताजी जुडी आणवून त्यांनी ती आईसाठी पाण्यात घालून ठेवली होती.

उन्हाळा आला, सगळ्यांचे पंखे दिवसभर फिरू लागले आणि मशीन इस्त्रीशिवायही बंद पडू लागलं. संध्या त्यांना कोलशेतला घेऊन गेली. निघताना नाना प्रत्येक दारात थांबून "येतो" म्हणाले. प्राचीला म्हणाले, "आता हवी तेवढी लाईट घे." ती आत निघून गेली.

आम्ही त्यांना भेटायला गेलो. नवा टॉवर. एसी, गीझर, वॉशिंग मशीन सगळं एकदम चालू, आणि नानांचं मशीनही. त्यांच्या गालांवर रंग आला होता. मी म्हटलं, "नाना, छान दिसताय."

"दिसणारच," ते म्हणाले. "इथे कोणाचं कोणावाचून अडत नाही गो. शेजारी कोण राहतं ते संध्यालाही माहीत नाही." मग आम्ही उठेपर्यंत ते आमच्या मजल्यावरच्या एकेकाची चौकशी करत बसले. त्यांना तिथे करमत नव्हतं, आणि परत आणणं म्हणजे त्यांच्या जिवाशी खेळ. हे आम्हाला कळत होतं, त्यांनाही कळत होतं, म्हणून तो विषय कोणीच काढला नाही.

दिवाळीच्या आधी नाना गेले. आमचा सगळा मजला कोलशेतला गेला. त्या टॉवरमधलं कोणी आलं नव्हतं. ते वाईट लोक नव्हते, त्यांना नाना माहीतच नव्हते. संध्या आईच्या गळ्यात पडली. "काकू, मशीन एकदाही बंद पडलं नाही हो. शेवटपर्यंत चालू होतं. एकदाही नाही," ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली, आणि आई "हो गं, हो" म्हणत तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.