फ्रीजला लावलेलं कुलूप

माझ्या थोरल्या भावाने फ्रीजला कुलूप लावलं, तिथून आमचं बिनसलं. अजूनही तसंच आहे, आणि ते जुळावं म्हणून मी काही करणार नाही.

पनवेलजवळच्या आमच्या गावात आता शेती कुणाकडेच उरलेली नाही. भावाचे ट्रेलर न्हावा शेव्याला कंटेनर वाहतात. मी खारघरला राहते आणि प्रयोगशाळेत उंदरांच्या मेंदूवर काम करते. मेंदूच्या तळाशी पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. जाग टिकवायची आणि भूक ताळ्यावर ठेवायची, ही दोन्ही कामं त्याच्याकडे असतात. त्या पेशी मेल्या की माणूस बसल्या जागी झोपतो, वजनही वाढू लागतं. माझी उमेदीची सगळी वर्षं या पुंजक्यात गेली. भावाला एवढंच ठाऊक, की बहीण उंदीर पाळते.

त्याची मुलगी दहावीत गेली तशी वर्गात झोपायला लागली. मग रिक्षात, मग जेवता जेवता, हातात घास तसाच. अंगानेही सुटली. शाळेतून तक्रारी आल्या. भावाने परस्पर ठरवून टाकलं, की पोरगी आळशी आहे आणि खादाड आहे. सकाळी तो तिला तळ्याभोवती पळवायचा, बाकावर डोळा लागला तर चारचौघांत तोंडावर पाणी मारायचा. तेवढ्याने भागेना, तेव्हा फ्रीजला कुलूप आलं.

एका रविवारी मी त्याच्याकडे गेले होते. वहिनीने कसलीशी गंमत सांगितली, भाची खळखळून हसली आणि हसता हसता तिचे गुडघेच दुमडले. ती खाली बसली. डोळे उघडे, सगळं ऐकू येतंय, पण मान उचलता येईना. थोड्या वेळाने आपोआप उठली.

"नाटकं," भाऊ म्हणाला.

असं अचानक गळून पडणं मी त्या पेशी मेलेल्या उंदरांत पाहिलं होतं, माणसात कधी नाही.

मी त्याला बाजूला घेतलं. हा मेंदूचा आजार असू शकतो, डॉक्टरला दाखवू, झोपेची तपासणी करून घेऊ, असं समजावलं. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"तुजे उंदीर तुज्याकडं ठेव," तो म्हणाला. "माज्या पोरीला कायपन झालेलं नाय. मेंदूचा आजार म्हनून गावभर झालं, तर तिला सून करून कोन घेनार?"

"म्हणून तिला उपाशी ठेवतोयस?"

त्याने मला दार दाखवलं. वहिनी तिथेच उभी होती, एक शब्द बोलली नाही. तिचाही मला तितकाच राग आला.

पण पुढे तिचाच फोन आला. शाळेच्या जिन्यात मैत्रिणींबरोबर हसताना भाची कोसळली होती, हनुवटीला टाके पडले होते. "ताई, यांना नका सांगू," वहिनी म्हणाली. "आपन नेऊ तिला."

आम्ही नेलं. डोक्याला तारा लावून झोपेची तपासणी झाली आणि माझी शंका खरी ठरली, आजार त्याच पुंजक्याचा होता. डॉक्टरांनी भाचीला समोर बसवून सांगितलं, की यात तुझा काही दोष नाही. मग तिने विचारलं, "हे पप्पांना लिहून द्याल?"

भावाने ते लिहिलेलं वाचलं आणि मला फोन केला. मी त्याच्या घरात चोरून शिरले, त्याच्या बायकोला फितवलं, असं बरंच बोलला. नातेवाइकांत सांगत सुटला, की हिने माझ्या पोरीवर प्रयोग केले. एका हळदीत सख्खी मावशी माझ्या शेजारून उठून गेली. दिवाळीला पाठवलेला फराळ त्याच्या ड्रायव्हरने जसाच्या तसा परत आणून दिला.

औषधं मात्र सुरू झाली. मधल्या सुट्टीत भाची शाळेच्या एका खोलीत ठरवून झोपते. पडणं कमी झालंय. वजन हळूहळू उतरेल. आजार जाणार नाही, हे तिला माहीत आहे.

परवा संशोधनाच्या कामासाठी त्याच डॉक्टरांकडे गेले, तर भाऊ भाचीला घेऊन आलेला. मला पाहून त्याने पिशवी उचलली आणि दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. भाची माझ्याकडे बघून हसली. मग ते दोघं आत गेले, डॉक्टरांनी काहीतरी विचारलं, आणि अर्धवट उघड्या दारातून मला भावाचा आवाज आला. ती केव्हा झोपते, कशाने पडते, भूक कधी लागते, सगळं तो न अडखळता सांगत होता. एकही चूक नव्हती. मी उठून दवाखान्याबाहेर गेले, कारण त्याच्याशी चांगलं बोलायची वेळ माझ्यावर यायला नको होती.