खालची ओळ

कलाशाळेत त्यांना सगळे 'उलटे मास्तर' म्हणायचे, आणि ते त्यांना माहीत होतं. हे नाव शोधायला पोरांना फार डोकं चालवावं लागलं नव्हतं. कुणीही पोस्टर आणलं की मास्तर ते बोर्डाला उलटं, म्हणजे खाली डोकं वर पाय, टाचण्यांनी लावायचे आणि दहा पावलं मागे जायचे. तिथून डोळे बारीक करून रंग बघायचे. मग पाच पावलं पुढे येऊन मांडणी: कुठे गर्दी झालीय, कुठली जागा उगाच रिकामी पडलीय. शेवटी हातभर अंतरावरून अक्षरं. उलटी केली की आपली अक्षरं रेघेला लटकत नाहीत, फळीवर मांडलेल्या भांड्यांसारखी रेघेवर उभी राहतात, आणि दोन भांड्यांमधलं अंतर चुकलं असेल तर लगेच नजरेत भरतं. "वाचायला लागलात की बघणं थांबतं," असं ते नेहमी सांगायचे. नवीन पोरं पहिले पंधरा दिवस तोंडावर हात धरून हसायची आणि दुसऱ्या वर्षी स्वतःच पोस्टर उलटं धरून आत यायची.

चौथी पायरी अर्थाची. पोस्टर सुलट करायचं, शांतपणे वाचायचं, सांगायचंय ते पोचतंय का ते ठरवायचं. प्रत्येक पायरीला दहापैकी गुण. एकतीस वर्षं यात कधी कसूर झाली नव्हती.

घरी बायको रफूचं काम करायची. फाटलेल्या कपड्याच्याच आतल्या शिवणीतून धागा काढायचा आणि भोक असं विणून काढायचं, की इथे कधी काही फाटलं होतं हे कळू नये. खिडकीशी तिची खुर्ची, शेजारी लोकांच्या कपड्यांचा ढीग. मास्तर घरात शिरले की ती मान वर न करता विचारायची, "आज किती जणांना रडवलंत?" आणि आल्यागेल्याला हमखास ऐकवायची, "लग्नाआधी मला उलटं करून बघितलं नाही, हे माझं नशीब." मास्तर हसायचे. तिच्या कामाबद्दल मात्र त्यांनी कधी बरं-वाईट काही म्हटलं नाही. जे दिसतच नाही त्याला गुण काय देणार, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

आठ महिन्यांपूर्वी ती गेली. तीन दिवस ताप, आणि चौथ्या दिवशी सगळं आटोपलं. मास्तर रडले नाहीत. पहिल्या आठवड्यात लोक म्हणाले, धीराचे आहेत. दुसऱ्या महिन्यात म्हणाले, दगड आहेत. दोन्ही खरं नव्हतं. हात उशाला घेऊन झोपलं की तो बधिर होतो, आपलाच असून परक्याचा वाटतो, तसं त्यांचं आतून सगळं झालं होतं. ते वेळेवर उठायचे, जेवायचे, कामावर जायचे. चहा गरम होता की गार, हे पिऊन झाल्यावरही त्यांना सांगता आलं नसतं. बायकोचं नाव त्यांच्या तोंडून एकदाही निघालं नाही.

कामात एकच फरक पडला आणि तो कुणाच्या लक्षात आला नाही. पोस्टर सुलट करणं त्यांनी सोडून दिलं. ठरवून वगैरे नाही. तिसरी पायरी झाली की टाचण्या निघायच्या आणि पुढचं पोस्टर चढायचं. अर्थाचे सगळ्यांना सरसकट सात. वार्षिक परीक्षेची बेचाळीस पोस्टरं अशीच तपासली गेली. सात मिळाले म्हणून कुणी तक्रार करायला येत नाही.

त्यांची एकुलती एक लेक म्हणजे ठिपकी. पांढऱ्या चादरीवर एवढीशी दिसायची म्हणून बापानंच ठेवलेलं नाव. ती दुसऱ्या शहरात जाहिरातींच्या कंपनीत पोस्टरंच करायची, आणि प्रत्येक पोस्टरची पहिली प्रत वडिलांना कुरिअरनं पाठवायची. फोनच्या स्क्रीनवर बघून मत देणं मास्तरांना मंजूर नव्हतं. ते मागच्या बाजूला लाल पेन्सिलीनं शेरे लिहायचे आणि तेवढ्याचा फोटो काढून पाठवायचे. बापलेकीचं बोलणं म्हणजे एवढंच. आई होती तोवर बाकीचं सगळं दोघांच्या वतीनं तीच बोलायची.

परीक्षा संपली आणि दुसऱ्या दिवशी ठिपकीचं पोस्टर आलं. मास्तरांनी ते उलटं लावलं आणि दहा पावलं मागे गेले. त्यावर काय लिहिलंय ते त्यांनी वाचलं नाही. आपल्याला वाचायला हरकत नाही. वर मोठ्या अक्षरांत 'रफू'. त्याखाली, 'एका बाईनं चाळीस वर्षं केलेलं काम'. मग प्रदर्शनाचा पत्ता आणि सात दिवसांच्या तारखा. आणि अगदी तळाशी, बारीक अक्षरांत: 'उद्घाटन: तिचा नवरा'.

ठिपकीनं आईची जुनी गिऱ्हाइकं हुडकून काढली होती आणि त्यांच्याकडून चाळीस कपडे उसने आणले होते. फोनवर वडिलांपाशी आईचा विषय काढला की ते "बरं, ठेवतो" म्हणायचे. म्हणून त्या दोघांत जो एक रस्ता चालू होता, त्यावरूनच तिनं विचारून पाहिलं. नुसतं 'येतो' एवढं लिहून आलं असतं, तर आई गेल्यापासून हरवलेला बाप तिला परत मिळाला असता.

'रफू' ही अक्षरं एवढी ठळक होती की उलटीसुद्धा वाचता आली असती. मास्तरांना तिथे दोन आकार दिसले आणि दुसरा पोटात जरा जड वाटला. त्यांनी लिहिलं: "रंग आठ. राखाडीवर निळा चांगला बसलाय. अक्षर सात, दुसरं अक्षर हलकं करावं. मांडणी आठ. खालची ओळ अनावश्यक. काढून टाकल्यास तळाला मोकळी जागा मिळेल." फोटो गेला. दोन तासांनी ठिपकीचं उत्तर आलं, "बरं." मास्तर चहा टाकायला उठले.

तीन आठवड्यांनी मेहुण्याचा फोन आला. या मेहुण्याच्या जिभेला हाड नव्हतं.

"भाऊजी, आज तरी येणार का?"

"कुठे?"

"कुठे काय विचारताय? अक्काच्या प्रदर्शनाला. आज शेवटचा दिवस. उद्घाटन करायचं नव्हतं तर गप्प बसायचंत. पोरीला लेखी कळवायचं, माझी ओळ काढून टाक म्हणून? त्या दिवशी तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं."

मास्तरांनी कपाटामागची गुंडाळी काढली आणि पोस्टर पहिल्यांदा सुलट धरलं. वरपासून खालपर्यंत वाचलं. त्यांनी शर्ट बदलला आणि बस पकडली. चार तास ते खिडकीबाहेर बघत होते, पण काय बघितलं ते त्यांना आठवलं नसतं.

सभागृहाच्या दारावर पोस्टर होतं. तळाची ओळ गेली होती. राखाडी जागा मोकळी झाली होती आणि पोस्टर आधीपेक्षा चांगलं दिसत होतं. हे आपल्या नजरेनं लगेच टिपलं, याची मास्तरांना लाज वाटली.

ठिपकी टेबलाशी उभी राहून उरलेली पत्रकं चळतीत लावत होती. "आलात," ती म्हणाली.

"मी वाचलं नव्हतं. सुलट केलंच नव्हतं पोस्टर."

"मला वाटलंच होतं."

"मग एक फोन करायचा."

"केला असता तर आला असता तुम्ही. फीत कापली असती, मान डोलवली असती आणि बसनं परत." तिनं पत्रकांना रबर लावला. "आठ महिने तुम्ही आईचं नाव घेतलं नाहीत, बाबा. मी वाट बघितली. मग म्हटलं, नवरा म्हणून लिहायचं तर तो असायला तरी हवा. काढली ओळ."

तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

"आता घाल परत," ते म्हणाले.

"सहाला बंद करतोय. कुठे घालू?" घड्याळात साडेपाच झाले होते. "बघायचं असेल तर बघून घ्या."

कपडे भिंतीवर ओळीनं टांगले होते. कुठे चिठ्ठी नाही, बाण नाही. रफू कुठे आहे ते ज्यानं त्यानं शोधायचं. मास्तर एका करड्या कोटासमोर थांबले. दहा पावलांवरून बघितलं, पाच पावलांवरून बघितलं, नाक टेकेल इतक्या जवळून बघितलं. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका वेचलेल्या डोळ्यांना काही म्हणता काही सापडलं नाही.

"हा माझा कोट," शेजारून एक म्हाताऱ्या बाई म्हणाल्या. आपला कपडा परत न्यायला त्या आल्या होत्या. "तुमचाही कपडा आहे का इथे?"

"नाही."

"मग ओळखत होता का त्यांना?"

मागे ठिपकी खुर्च्या एकावर एक रचत होती, तो आवाज थांबला.

"मी तिचा नवरा," मास्तर म्हणाले. वाक्य त्यांना जड गेलं. मग त्यांनी बायकोचं नाव सांगितलं, पूर्ण नाव, कुणी विचारलेलं नसताना.

"असं होय. मग तुम्हाला सगळं माहीत असणार. कुठे आहे सांगा बघू."

"मला नाही माहीत," मास्तर म्हणाले. "मी कधी बघितलंच नाही. ती समोर बसून करायची, आणि मी कधी बघितलं नाही."

बाईंनी कोट खुंटीवरून काढला, अस्तर उलटून मास्तरांचा हात धरला आणि त्यांचं बोट कोपराच्या आतल्या बाजूला टेकवलं. "डोळ्यांना नाही दिसायचं. इथे चाचपा. त्यांनीच मला सांगितलं होतं."

बोटाला नखाएवढी जाडसर जागा लागली. मास्तर तिथेच उभ्या उभ्या रडायला लागले, आणि ठिपकी येऊन शेजारी उभी राहीपर्यंत त्यांनी बोट तिथून काढलं नाही.