खाट नंबर नऊ

माझी माय खाट नंबर नऊवर झोपली होती. पांढरी चादर कमरेपर्यंत. दोन्ही गुडघ्यांवर उडदाच्या पिठाचं गोल आळं केलेलं आणि त्यात कोमट तेल सोडलेलं: जानुबस्ती. तिचे गुडघे कधीच दुखले नव्हते.

मी बीएएमएसच्या तिसऱ्या वर्षाला होते. त्या दिवशी आमच्या आयुर्वेद महाविद्यालयाची तपासणी होती. रुग्णालयाच्या खाटा भरलेल्या दिसल्या नाहीत तर मान्यता अडते. म्हणून तपासणीच्या सकाळी संस्थेच्या अध्यक्षांची जीप राइस मिलमागच्या वस्तीत जायची आणि माणसं भरून आणायची. पुरी-भाजीचं जेवण, संध्याकाळी परत घरी. वस्ती आमचीच, बौद्धांची. ही जीप कुठल्या पाटलाच्या दारात थांबलेली मी पाहिली नाही. कॉलेजात हे सगळ्यांना माहीत होतं. मलाही होतं. आधीच्या वर्षी मी अशाच आणलेल्या एका म्हाताऱ्याची केस लिहिली होती आणि मला काही वाटलं नव्हतं.

कायचिकित्सेच्या सरांनी माझ्या हातात केसपेपर दिला.

"नऊ नंबर तुझी. संधिवात. समितीसमोर केस तू सांगायची."

"सर, ती माझी आई आहे."

त्यांनी एकदा खाटेकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"मग सोपंच झालं. ओळख दाखवू नको. तुमच्या लोकांचं नाहीतरी काही ना काही दुखतच असतं."

मागे माझ्या वर्गातल्या दोघी हसल्या. मोठ्यानं नाही. बेताचं, सभ्य.

मी खाटेशी गेले. वाकून विचारलं, "माय, तू काऊन आली?"

"तुहं कालेज पाहाले," ती म्हणाली. "तू तं कधी आणली नाही."

खरं होतं. अडीच वर्षांत मी तिला एकदाही आणलं नव्हतं. कोणी आडनाव विचारलं तर मी आधी मार्क सांगायची. माय छताकडे पाहत होती. "पंखे लय आहेत," ती म्हणाली.

समिती आली. तीन माणसं, पुढे अध्यक्ष. त्यांच्यातल्या एकानं मायला विचारलं, "काय त्रास आहे, बाई?"

"गुडघे दुखते जी," माय म्हणाली. जीपमध्ये पाठ करून घेतलं होतं. एवढं बोलून तिला खोकला आला. लवकर थांबला नाही. पिठाचं आळं फुटलं आणि तेल चादरीवर सांडलं.

"खोकला कधीपासून?" त्यांनी मला विचारलं.

"हवामानाचा आहे, सर," मी म्हणाले.

त्यांच्यासमोर मी तिची नाडी पाहिली. स्टेथोस्कोप छातीला लावला. आत शिट्टी वाजत होती. अकरा वर्षं ती मिलमध्ये कोंडा झाडत होती. घरी ती खोकायची तेव्हा मी पुस्तक घेऊन बाहेर बसायची, अभ्यास होत नाही म्हणून. त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. ऐकलं, आणि कागदावर लिहिलं: संधिगत वात. उपचार: जानुबस्ती, चौदा दिवस.

समिती पुढे गेली. खाटेवरच्यांना मागच्या पडवीत जेवायला बसवलं आणि जीप त्यांना सोडून आली.

पण कागद संपत नाहीत. समिती जाताना म्हणाली होती, गरज वाटली तर पुन्हा येऊ. त्यामुळे रजिस्टरमध्ये सगळे पेशंट भरतीच ठेवले गेले. रोजची नोंद करायची होती. माझं अक्षर चांगलं. सरांनी गठ्ठा माझ्याकडे दिला. दुसऱ्या दिवशी मी नऊ नंबरवर लिहिलं, "वेदना किंचित कमी." तिसऱ्या दिवशी लिहिलं, "झोप चांगली." ती रात्रभर भिंतीला टेकून बसली होती. हे मला माहीत होतं, आमची खोली एकच होती.

चौथ्या दिवशी मिलमध्ये ती खाली बसली ती उठेना. ओठ काळे पडले होते. मी तिला रिक्षात घालून कॉलेजच्या रुग्णालयात आणलं. जवळचं तेच होतं.

वॉर्डाला कुलूप. शिपाई बाकावर तंबाखू मळत बसला होता.

"आता कायले आणली बुढीले?" तो म्हणाला. "इन्स्पेक्शन तं झालं."

तो वाईट माणूस नव्हता. त्यानं फक्त जे होतं ते सांगितलं. मी रडले नाही. मी त्याच्याकडून किल्ली मागितली. तो म्हणाला, साहेबांना विचारावं लागेल. मी म्हणाले, "विचारा. तोवर उघडा." त्यानं मायच्या तोंडाकडे पाहिलं आणि किल्ली दिली.

मी तिला नऊ नंबरवर बसवलं. गादी गुंडाळून ठेवलेली होती, ती सोडली. पाठीला उशी लावली. मग टेबलावरून तिचा केसपेपर काढला.

सर आले. "हे काय चाललंय?"

"सर, ही पेशंट भरती आहे. डिस्चार्जला अजून दहा दिवस आहेत."

"ते कागदावर."

"कागदावरचीच घेऊन आले आहे."

मग अध्यक्ष आले. ते हिंदीतच बोलायचे. "बेटा, डिग्री चाहिए कि नहीं?"

"चाहिए," मी म्हणाले. "और खाट भी चाहिए. समिती परत आली तर नऊ नंबर रिकामी दिसेल. मी सांगेन का रिकामी आहे ते."

ते सरांकडे वळले. माय धापा टाकत होती. मध्येच ती म्हणाली, "चाल व बाई, घरी चाल." मी म्हणाले, "बस."

मी केसपेपरवर संधिवातावर आडवी रेघ मारली. खाली लिहिलं: तमक श्वास, म्हणजे दमा. दीर्घकाळ धुळीचं काम. खालीच सही केली. पेपर सरांपुढे धरला. त्यांनी तो घेतला. वाचला. मग स्टेथोस्कोप मागितला.

त्यांनी नीट तपासलं, हे सांगितलं पाहिजे. त्याच दिवशी एक्स-रे काढायला लावला, औषध सुरू केलं. त्यांना येत होतं. वर्षानुवर्षं कागदावरचे पेशंट पाहून त्यांची सवय गेली होती. माय दहा दिवस त्या वॉर्डात राहिली, एकटी. बाकी सगळ्या खाटा कागदावर भरलेल्या होत्या.

याची किंमत मला नंतर कळली. तोंडी परीक्षेत नापास. दोनदा. माझं एक वर्ष गेलं. हसणाऱ्या त्या दोघी माझ्याआधी डॉक्टर झाल्या. पुढे गोंदियातल्या एका खासगी दवाखान्यात मी नऊ वर्षं काढली. राउंड मी घ्यायची, सलाईन मी लावायची, बोर्डावर नाव दुसऱ्याचं. पेशंट मला सिस्टर म्हणायचे आणि विचारायचे, मोठे डॉक्टर कवा येतेत. आता आमगावजवळ माझा स्वतःचा दवाखाना आहे. बोर्डावर माझं पूर्ण नाव आहे, आडनावासकट. आईबाप पोरींना घेऊन येतात, विचारतात, मॅडम, बीएएमएसला स्कोप आहे का. मी सांगते, कॉलेज पाहायला जा, पण तपासणी नसेल त्या दिवशी जा. वॉर्डात माणूस दिसला तर प्रवेश घ्या.

मागच्या आठवड्यात त्याच कॉलेजातून फोन आला. कॉलेज आता जुन्या अध्यक्षांचा मुलगा पाहतो; तोच बोलत होता.

"मॅडम, तुम्ही तर आमच्याच. तपासणी आहे. तुमच्याकडे गर्दी असते, तीसेक पेशंट पाठवा ना. एका दिवसाचं काम. तुम्हालाही कागदावर मेडिकल ऑफिसर म्हणून दाखवतो, यायची गरज नाही."

"पाठवते," मी म्हणाले. "ज्यांना खरंच भरती करायला पाहिजे ते. बरे झाल्याशिवाय एकही उठणार नाही."

तो हसला. "मॅडम, तुम्ही पण ना."

मी हसले नाही. फोन ठेवला आणि वही काढली. यादी करते आहे. नाव, काम, खरा आजार. पहिली बाई राइस मिलमधली आहे, दीड वर्षापासून खोकते. तिच्या नावापुढे मी खाटेचा नंबर घातला आहे. नऊ.

जीपची वाट पाहणार नाही. मीच घेऊन जाणार आहे, आणि समितीसमोर केस मीच सांगणार आहे.